निशाणावरून उतरवलेली नावे

चंद्रपुरात राहून मी भारतीय घोडदळाचा, म्हणजे आजच्या रणगाडा रेजिमेंटांचा, इतिहास वाचत आलो आहे. तो इथून वाचला की वेगळा दिसतो, असा माझा अनुभव आहे. अहिल्यानगरला आर्मर्ड कोअरचे केंद्र आणि प्रशिक्षणशाळा आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथल्या माणसाला सवार, दफादार, रिसालदार ही पदनामे ओळखीची. आमच्याकडे साग, बांबू आणि मोह. आलापल्लीहून भामरागडकडे निघालेल्या माणसाच्या मनात रणगाड्याचा विचारही येत नाही. लष्कराशी आमचा आजचा संबंध बराचसा भद्रावतीच्या आयुध निर्माणीतून, तिथे तयार होणाऱ्या तोफगोळ्यांतून येतो. जुना संबंध मात्र हरलेल्या बाजूचा आहे. एप्रिल १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या फौजेने पांढरकवड्याजवळ शिवणीला दुसऱ्या बाजीरावाला गाठून पिटाळले आणि पुढच्याच महिन्यात ती चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परकोटाला भिडली. तोफांनी तट फोडला, किल्ला पडला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे दरवाजे आजही उभे आहेत आणि हत्तीवर मात करणारा सिंह, हे गोंड राजांचे चिन्हही शाबूत आहे. या गावात कंपनीचे घोडदळ आले ते जिंकायला आले. म्हणून रेजिमेंटच्या गौरवाची पाने उलटताना इथल्या वाचकाला एक प्रश्न टाळता येत नाही: हा गौरव आम्ही आपला मानायचा का, आणि मानायचा तर त्यातला कुठला?

माझे उत्तर असे आहे. लष्करी परंपरा वाडवडिलांच्या जमिनीसारखी सातबाऱ्यावर नाव चढून आपोआप मिळत नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे प्रत्येक पिढीला ठरवावे लागते. स्वतंत्र भारताच्या घोडदळाने हे काम एकदा मोठ्या समजुतीने केले, पण ते अर्ध्यावर राहिले आहे. उरलेले अर्धे काय, हे आमच्यासारख्या हरलेल्या किल्ल्याच्या गावातून अधिक स्पष्ट दिसते.

पूना हॉर्सचेच उदाहरण घेऊ, कारण आजच्या रेजिमेंटांत तिच्याइतका महाराष्ट्राच्या मातीशी गुंतलेला आणि तिच्याइतका अवघड इतिहास दुसऱ्या कुणाचा नसेल. जून १८१७ च्या पुणे कराराने इंग्रजांनी पेशव्यावर पाच हजार घोडदळाचा खर्च लादला. त्या पैशातून त्याच वर्षी उभे राहिले ते पूना ऑक्झिलरी हॉर्स. काही महिन्यांतच पेशव्याच्या पैशावर पोसलेले हे स्वार पेशव्याच्याच फौजेपुढे उभे ठाकले. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला त्यांची तुकडी होती. कोरेगाव हे नाव युद्धसन्मान म्हणून रेजिमेंटला मिळाले. खडकी, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर ही नावेही त्या काळच्या निरनिराळ्या पलटणींनी अशीच निशाणांवर मिरवली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने, भारतीयांना गुलाम करण्याच्या लढायांत मिळालेले युद्धसन्मान मिरवण्यासारखे नाहीत, असे ठरवले आणि ती नावे बाजूला काढली. ज्या नावांवर रेजिमेंटच्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या, ती अभिमानाच्या यादीतून उतरवणे सैनिकाला सोपे नसते. तरीही ते झाले. पलटणीचे नाव राहिले, जन्मसाल राहिले, सवार-रिसालदार ही पदे राहिली. आपल्याच माणसांवरचा विजय तेवढा गेला.

यावर एक आक्षेप लगेच येतो. हे वरवरचे रंगकाम आहे, असे काही अभ्यासू मित्र म्हणतात. चार नावे खोडली म्हणून साम्राज्याचे हत्यार प्रजासत्ताकाचे होते काय? नाव बदला, क्रमांक बदला, नव्याने सुरुवात करा. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो एक गोष्ट विसरतो. सैनिक नव्याने लढत असला तरी उसन्या धैर्यावर उभा असतो. आपल्या आधी या जागी कुणीतरी उभे होते आणि ते हलले नाहीत, ही जाणीव त्याला पगारातून किंवा हुकमातून मिळत नाही. १९३८ मध्ये सिंध हॉर्स आणि १३वी लान्सर्स या दोन रेजिमेंटांनी सर्वांत आधी घोडे सोडून गाड्या घेतल्या आणि पुढच्या थोड्याच वर्षांत बाकीच्यांनीही घेतल्या. खोगीर गेले, भाला गेला, तबेले गेले. परंपरा साधनात असती तर ती तिथेच संपायला हवी होती. पाठोपाठ फाळणी आली. अठरा रेजिमेंटांपैकी बारा भारताकडे आणि सहा पाकिस्तानकडे गेल्या, एका मेसमध्ये जेवलेली माणसे समोरासमोरच्या सैन्यांत वाटली गेली. एवढी उलथापालथ होऊनही सप्टेंबर १९६५ मध्ये काय घडले ते पाहा. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले पारशी. त्यांची पहिली नोकरी निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या सैन्यात. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्समध्ये आले. म्हणजे ही रेजिमेंट त्यांना वारशाने मिळालेली नव्हती, तिच्या जुन्या लढायांशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. फिलोराच्या लढाईत ११ सप्टेंबरला जखमी झाल्यावर त्यांनी मागे जायला नकार दिला आणि १६ सप्टेंबरला बुटूर डोग्रांडीजवळ ते पडेपर्यंत सेंच्युरियन रणगाड्यांची ही रेजिमेंट त्यांच्या हाताखाली लढत राहिली. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रानुसार रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, बसंतरच्या लढाईत एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेला रणगाडा सोडा असा आदेश येऊनही त्याच्या तोफेवर राहिले. तारापोर रेजिमेंटला बाहेरून आले होते आणि खेत्रपाल तिच्यात अगदी नवे होते. त्यांनी निवडलेला वारसा कोरेगावचा नव्हता. तो जागा न सोडण्याचा होता. नाव पुसून नवा क्रमांक लावला असता तर हा धागाही तुटला असता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो आमच्या गावातूनच उठतो. कोरेगावचे नाव सैन्याने उतरवले, पण त्याच कोरेगावच्या विजयस्तंभाला दर १ जानेवारीला लाखो माणसे वंदन करतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ मध्ये तिथे गेले होते. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, चंद्रपुरात लोकांना धम्मदीक्षा दिली. ज्या शहराची दीक्षाभूमी ही ओळख आहे, त्या शहरात कोरेगाव हे केवळ परकीयांच्या विजयाचे नाव आहे असे म्हणणे खोटे ठरेल. स्तंभावर कोरलेल्या मृतांत महार शिपायांची नावे आहेत आणि ज्या राज्यव्यवस्थेने त्यांना माणूस मानले नाही तिच्याविरुद्ध ते शस्त्र घेऊन उभे राहिले, ही आठवण खरी आहे. मग सैन्य चुकले की लोक? माझ्या मते दोघेही बरोबर आहेत. सैन्याला सगळ्या भारतीयांचे राहायचे आहे, म्हणून एका भारतीयाचा दुसऱ्यावरचा विजय त्याने निशाणावर ठेवू नये. समाजाला आपल्या पूर्वजांच्या स्वाभिमानाची खूण हवी आहे, म्हणून त्याने स्तंभाशी जावे. एकाच लढाईतून दोन निवडी निघतात, कारण निवडणाऱ्यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत. परंपरा निवडावी लागते याचा याहून बळकट पुरावा मला माहीत नाही.

मराठी वाचकाने इथे स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपण घोडदळ म्हटले की अभिमानाने मराठ्यांचे बारगीर आणि शिलेदार आठवतो आणि तो अभिमान रास्तही आहे. घोडा आणि हत्यार सवाराने स्वतःचे आणायचे ही शिलेदारी पद्धत इंग्रजांनी उचलली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. पण नागपूरकर भोसल्यांच्या त्याच घोडदळाने १७४० च्या दशकात बंगालवर स्वाऱ्या केल्या, त्यांची दहशत तिथल्या अंगाईगीतांत उतरली, आणि १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य संपले तेही भोसल्यांच्याच हातून. इंग्रजांच्या विजयांचा हिशेब मांडायचा आणि आपल्या विजयांचा झाकायचा, हे न्यायाचे नाही. गोंड घरातल्या मुलाला १७५१ आणि १८१८ या दोन तारखांत फार फरक का वाटावा?

आता अर्धवट राहिलेल्या कामाकडे येतो. काय मिरवायचे नाही हे सैन्याने ठरवले; जे कधीच मिरवले गेले नाहीत त्यांचे काय करायचे, हे ठरवायचे राहिले. फेब्रुवारी १८५७ मध्ये इराणात खुशाबच्या लढाईत मुंबईच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीने पायदळाचा चौकोन फोडला. त्या दिवसाची खूण, इराणी निशाणाच्या टोकाचा चांदीचा हात, पूना हॉर्सने आजवर जपली आहे. पुढे १९२१ मध्ये ही कॅव्हलरी आणि पूना हॉर्स यांची एकच रेजिमेंट झाली. खुशाबच्याच वर्षी, एप्रिल १८५७ मध्ये, मेरठला बंगालच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीच्या नव्वदांपैकी पंच्याऐंशी सवारांनी काडतूस घ्यायला नकार दिला. ९ मे रोजी त्यांना भर कवायतीत बेड्या ठोकल्या गेल्या, १० मे रोजी उठाव झाला. मुंबईच्या सवारांची खूण आजही संचलनात दिसते. मेरठच्या सवारांचा वारसा सांगणारी एकही रेजिमेंट नाही, कारण ती पलटणच यादीतून गेली. आमच्या विदर्भातही हेच घडले. जून १८५७ मध्ये नागपूरच्या टाकळी छावणीतील अनियमित घोडदळाने उठावाचा बेत केला. शहरातून आगीचे फुगे सोडून इशारा द्यायचा होता. पायदळाला उठवायला गेलेला दफादार पकडला गेला, मद्रासच्या पलटणी इंग्रजांकडे राहिल्या, घोडदळाची शस्त्रे काढली गेली आणि काही देशी अधिकाऱ्यांना फाशी झाली. पुढच्या वर्षी मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्यांची फौज उभारून चांद्याच्या जंगलात लढा दिला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. शेडमाके यांना लोकांनी विसरू दिले नाही. त्यांच्या स्मरणदिनी आजही लोक जमतात. टाकळीचे सवार मात्र ना लोकांकडे राहिले ना लष्कराकडे. ते प्रशिक्षित घोडदळ होते, त्यांची पदे तीच होती जी आजच्या रणगाड्यातल्या माणसाची आहेत, आणि त्यांनी परक्या सत्तेचा हुकूम झुगारला. त्यांना वगळून भारतीय घोडदळाचा इतिहास पुरा होत नाही.

लष्करी शिस्तीच्या बाजूने यावर बोलणारे म्हणतील की बंडाला परंपरेत जागा देणे धोक्याचे आहे. आज्ञा मोडणाऱ्याचा गौरव कुठलीही फौज करू शकत नाही. ही भीती मी हलकी समजत नाही. पण आज्ञा कोणाची हे न विचारता केलेला शिस्तीचा गौरव शेवटी साम्राज्याचाच गौरव ठरतो, आणि तो नको म्हणूनच तर कोरेगाव, सीताबर्डी उतरवले. प्रजासत्ताकाच्या सैनिकाची निष्ठा संविधानाला आहे. कंपनीची नोकरी झुगारणाऱ्या सवाराला आठवल्याने ती ढिली होत नाही. खेत्रपाल यांनीही पेटलेला रणगाडा सोडण्याचा हुकूम मानला नव्हता आणि त्याबद्दल त्यांना देशाचा सर्वोच्च युद्धकालीन शौर्यसन्मान मिळाला, हेही लक्षात ठेवावे.

गडचिरोलीकडचे लोक आणखी एक शंका काढतात: आमच्या जंगलात चिलखत आणि चाके यांचा उपयोग काय, इथली लढाई पायी चालते. हे अगदी खरे. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या रस्त्यावर नक्षलवाद्यांच्या सुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले; वाहन हेच लक्ष्य होते. १९९० मध्ये उभे राहिलेले गडचिरोली पोलिसांचे नक्षलविरोधी सी-६० दल दिवसचे दिवस पायी फिरते आणि त्यातले बहुतेक जवान याच जिल्ह्यातले, गोंडी-माडिया बोलणारे. त्यांच्याकडे दोनशे वर्षांचे निशाण नाही, मेसच्या भिंतीवर जुनी चित्रे नाहीत. पण ते दल तीन दशकांहून जुने झाले आहे, त्याचे हुतात्मे आहेत, पहिल्या फळीतले लोक निवृत्त होत आहेत. म्हणजे त्याची परंपरा घडण्याचा काळ हाच आहे. समोरच्या बाजूने मेलेली पोरेही अनेकदा याच तालुक्यांतली. कुठल्या चकमकीचे नाव कायम मिरवायचे आणि कुठले फक्त नोंदवून ठेवायचे, हा प्रश्न त्या दलापुढे आज ना उद्या येईल. त्या वेळी पूना हॉर्सने कोरेगावचे काय केले, हे गडचिरोलीत माहीत असायला हवे. आणि टाकळीच्या सवारांची नोंद अहिल्यानगरच्या संग्रहालयात असायला हवी, एका भिंतीवर, मेरठच्या पंच्याऐंशी जणांशेजारी.