भिंतीवरील छायाचित्र

सांगलीतील आमच्या हळदीच्या पेढीवर, गादीच्या मागील भिंतीस, अनेक वर्षे एक छायाचित्र टांगलेले होते. कासच्या पठारावर दूरवर पसरलेला तेरड्याचा गुलाबी रंग, पुढ्यात अगदी जवळून टिपलेले सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे तुरे आणि वर पावसाने जड झालेले आभाळ. सौद्यासाठी येणारे व्यापारी त्याची वाखाणणी करीत. एका स्पर्धेत त्यास पारितोषिकही मिळाले होते. मी व्यवसायाने अडत्या, छायाचित्रण हा माझा केवळ छंद. त्यामुळे त्या कौतुकाचे मला मोठे अप्रूप होते.

गतवर्षी श्रावणात साताऱ्याहून माझा भाचा आला. दहावीच्या यशाबद्दल त्यास नुकताच कॅमेरा मिळाला होता. तो त्या छायाचित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, हा फोटो तुम्ही जमिनीवर आडवे होऊन काढलात ना? मला ती जागा दाखवा. मीही अगदी तसाच काढणार आहे."

भाच्याने आपल्यापासून प्रेरणा घ्यावी, याहून मामास अधिक काय हवे? परंतु त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. कारण ते छायाचित्र कसे निघाले, हे मी कोणासही सांगितलेले नव्हते.

ही गोष्ट २०११ च्या भाद्रपदातील. दशलक्षण पर्व नुकतेच संपले होते. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात मी सर्व जीवांची क्षमा मागितली होती आणि घरोघरी जाऊन 'उत्तम क्षमा' म्हणून आलो होतो. पुढच्याच रविवारी साताऱ्यास भगिनीकडे मुक्काम करून पहाटे कास गाठले. एका नामवंत छायाचित्रकाराचे कासचे चित्र मी एका मासिकात पाहिले होते, आणि मला तेच हवे होते. ती चौकट साधण्यासाठी मी फुलांत शिरलो, पालथा झालो, कोपरे रोवली, पुढे सरकलो, पुन्हा मागे आलो. अर्धा तास गेला. मनासारखे चित्र मिळाले आणि मी उठलो. खाली पाहिले, तर माझ्या देहाएवढा पट्टा सपाट झाला होता. देठ मोडले होते, तुरे चिखलात रुतले होते, आणि त्यांवर बसलेले बारीक कीटकही त्यातच चिरडले होते.

कासचे पठार म्हणजे जांभ्या खडकावरील मातीचा एक पातळ थर. तेथील बहुतेक फुलझाडे एका पावसाळ्याची सोबती असतात. फुलून बी धरले, तरच पुढल्या वर्षी तेथे पुन्हा रोप. फुलात असताना जे मोडले, त्याचे बी त्या वर्षापुरते बुडाले. आमच्या घरी कांदा-बटाटा येत नाही, पाणी गाळल्याविना वापरले जात नाही. त्याच घरातील मी, एका चित्रापायी एकेंद्रिय जीवांवर आडवा झालो होतो. कपडे झटकले, गाडीत बसलो आणि ते विसरण्याचा निश्चय केला. चित्र मात्र चौकटीत घालून भिंतीवर लावले.

भाच्याच्या प्रश्नाने ती सकाळ पुन्हा समोर आली. एका छायाचित्रकाराचे काम दुसऱ्यास प्रेरणा देते, म्हणजे नेमके काय देते, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला.

मार्टिन मुन्काची नावाचा एक हंगेरियन छायाचित्रकार होता. १९३० च्या सुमारास त्याने आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांचे छायाचित्र टिपले. ते फ्रान्समधील एका तरुणाच्या पाहण्यात आले आणि कॅमेरा काय करू शकतो, हे त्यास एकाएकी उमगले. तो तरुण म्हणजे ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ. पुढे त्याने ना ते सरोवर शोधले, ना तशी मुले. १९३२ मध्ये पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकामागे, साचलेल्या पाण्यावरून उडी घेणारा एक साधा माणूस त्याने टिपला, आणि ते चित्र जगभर गाजले. मुन्काचीकडून त्याने चौकट घेतली नाही. धावत्या क्षणाकडे पाहण्याची दृष्टी घेतली. याच ब्रेसाँने १९७१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आपल्या रघु राय यांचे काम पाहिले आणि १९७७ मध्ये 'मॅग्नम' या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी त्यांचे नाव सुचविले. रघु राय यांनी तरी पॅरिसची नक्कल कोठे केली होती? त्यांची चित्रे दिल्ली-कलकत्त्याच्या गर्दीतली, आपल्याच मातीतली होती.

म्हणजे मी कासला घेतली ती प्रेरणा नव्हती, ती उसनवारी होती. दुसऱ्याच्या मालाचा नमुना दाखवून आपला सौदा करावा, तसे ते झाले.

दुसरे नाव आपल्या समाजास अधिक जवळचे वाटावे असे आहे. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे, एका जैन जवाहिऱ्याच्या घरी झाला. रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तेथे छायाचित्रणाकडे वळले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार झाले, मुंबईतही त्यांचा स्टुडिओ निघाला. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत, आणि जुन्या वास्तूंची चित्रे काढणारे आजही त्यांचे काम अभ्यासतात. मला मात्र त्यांची एक व्यावहारिक गोष्ट फार मोलाची वाटते. पडद्यातील स्त्रियांना परपुरुषासमोर बसणे अशक्य होते. दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपविला. कॅमेऱ्यासाठी समोरच्याने आपली मर्यादा मोडावी, असा आग्रह त्यांनी धरला नाही; कॅमेराच त्या मर्यादेत नेऊन बसविला. चांगला व्यापारी गिऱ्हाइकाची अडचण जशी ओळखतो, तशीच ही दृष्टी आहे.

आपल्या काळात सुधारक ओलवे यांचे काम याच जातीचे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन त्यांनी वर्षानुवर्षे टिपले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका दिवसात येऊन घाणीचे भडक चित्र काढून नेणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांच्या चित्रांतील कामगार दयेचा विषय न होता माणूस म्हणून आपल्यासमोर उभा राहतो. असे चित्र ओळखीखेरीज आणि विश्वासाखेरीज निघत नाही. पाहणाऱ्या तरुणाने त्यांतून घ्यावयाचे असेल, तर ते हेच.

आपल्या शास्त्रात कर्माचा विचार कृत, कारित आणि अनुमोदना असा तिहेरी सांगितला आहे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्यास मनाने दिलेली मान्यता. त्या सकाळची हिंसा हे माझे कृत होते. ते चित्र मी मिरविले, त्याचे पारितोषिक स्वीकारले, आणि ते पाहून भाचा उद्या त्याच फुलांत आडवा झाला असता, तर कारित आणि अनुमोदनाही माझ्याच खात्यावर पडली असती. ज्याचे काम पाहून दुसरे शिकतात, त्याचा हिशेब त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. चित्र जितके सुंदर, तितके हे दायित्व मोठे. मुनींच्या ईर्यासमितीत पुढील चार हात जमीन पाहून पाऊल टाकावयाचे असते; कॅमेरा डोळ्यास लावणाऱ्यानेही ती थोडी तरी पाळावी, असे मला आता वाटते.

भाच्यास मी सर्व सांगितले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, मग हा फोटो वाईट आहे का?" मी म्हटले, "फोटो चांगला आहे रे, काढणाऱ्याचे चुकले." त्या वर्षीच्या क्षमावाणीस मी ते चित्र भिंतीवरून उतरविले.

भाद्रपदातच आम्ही दोघे कासला गेलो. सातारा शहरापासून ते अवघे २५ किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आले. आता तेथे ठरावीक संख्येनेच प्रवेश मिळतो आणि आखलेल्या वाटेवरूनच चालावे लागते. आम्ही वाटेवर उभे राहून फुले पाहिली. भाच्याने चार-सहा चित्रे घेतली, साधीच. पूर्वीच्या माझ्या चित्राची सर त्यांना नव्हती, आणि त्याचे त्यास वाईटही वाटले. तो लपविण्यात अर्थ नाही.

दिवाळीत तो पुन्हा सांगलीस आला. एके सकाळी माझ्याबरोबर मार्केट यार्डात गेला असता, हळदीची पोती वाहणारे आमचे जुने हमाल पाठीपासून पापण्यांपर्यंत पिवळे झालेले त्याने पाहिले. हात कॅमेऱ्याकडे गेला आणि तेथेच थांबला. तो त्यांच्याजवळ गेला. "काका, तुमचा फोटो काढू का?" असे त्याने विचारले. ते हसले, म्हणाले, "थांब बाळा, जरा तोंड पुसतो."

भाचा थांबला. त्यांनी उपरण्याने सावकाश तोंड पुसले, टोपी नीट केली आणि ताठ उभे राहिले. हळदीचा तो पिवळा रंग, ज्यासाठी त्याला ते चित्र हवे होते, चेहऱ्यावरून बराचसा निघून गेला होता. तरीही त्याने ते चित्र काढले, आणि दुसऱ्या दिवशी त्याची एक प्रत त्यांना नेऊन दिली. दुसरी प्रत पेढीवर, त्या रिकाम्या जागी लावली आहे.