हॉर्न

लहानपणी किनवटच्या स्टँडवर एसटी दिसायच्या आधी तिचा रबरी भोंगा ऐकू यायचा. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून तो काळा फुगा दाबायचा आणि ‘नांदेड आली’ म्हणत बाया गाठोडी उचलायच्या.

गाडी शिकलो ती मामांच्या काळीपिवळी जीपवर. माहूरकडच्या रस्त्याला सागवानाचं जंगल, वळणं आंधळी, आणि कुठल्याही वळणामागं ढोरं असू शकतात. मामा सांगायचे, “वळणाच्या अलीकडंच वाजव. वळणात वाजवून काय फायदा?” पलीकडून उत्तर आलं की वेग कमी करायचा, नाही आलं तरी करायचाच. दिसत नाही म्हणून वाजवायचं, एवढा साधा हिशेब होता.

तो हिशेब पहिल्यांदा हैदराबादेत मोडला. आमच्याकडं दवाखाना, लग्नाची खरेदी, लेकरांचं शिक्षण, सगळ्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. किनवटच्या रस्त्यावर आदिलाबादची एपी-01 नेहमीची, पुढं ती टीएस-01 झाली, आता नव्या गाड्या टीजी-01. पण अफजलगंजच्या गर्दीत सगळं लख्ख दिसत असतं. हातगाडी, रिक्षा, रस्ता ओलांडणारं अख्खं कुटुंब. दिसतंय म्हणूनच लोक हॉर्न दाबतात. तिथं एका रिक्षावाल्यानं मला फुकट शहाणपण दिलं होतं: इंडिकेटर बघू नका, शेजारच्याचं पुढचं चाक बघा. चाक वळलं की माणूस वळणार, मग त्याचा दिवा काहीही म्हणो. आजवर कुठल्याही शहरात हा सल्ला खोटा ठरला नाही.

पुणे मात्र निराळंच. टॉमटॉम या डच कंपनीच्या 2024च्या पाहणीत जगातल्या सर्वांत संथ शहरांत पुणे चौथं आलं. 10 किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची, क्लचप्लेट जळाल्याचा वास आला की तो आपला नाही अशी मनाची समजूत घालायची. सिग्नल हिरवा व्हायच्या आतच मागचे वाजवायला लागतात. ह्याच सवयीवर मुंबई पोलिसांनी 2020च्या सुरुवातीला एक मजेशीर व्हिडिओ काढला होता. सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलेलं. 85 डेसिबलच्या वर गोंगाट गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. लोक हसले, आणि बहुधा हसता हसताच हॉर्न वाजवत घरी गेले. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीनं विनाकारण हॉर्नला 1000 रुपये दंड आला, पण तो भरलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. गर्दी म्हणून हॉर्न, हे कारण मला पटत नाही. मिझोराममधल्या ऐझॉलचे रस्ते डोंगरी, अरुंद आणि गाड्यांनी भरलेले, तरी तिथं लोक मुकाट्यानं रांगेत थांबतात. रांग मोडणाऱ्यालाच आधी वाट मिळते, हे आपल्याकडं पोरं मागच्या सीटवर बसून शिकतात.

आता पुण्यात गाडी लेक चालवते आणि मी डाव्या बाजूला. मागं कात्रजजवळ आम्हाला डावीकडं घुसायचं होतं, कुणी जागा देईना. माझा हात सवयीनं स्टिअरिंगकडं गेला तर ती म्हणाली, “अप्पा, हॉर्न नको. काच खाली करा आणि हात दाखवा.” मी हात बाहेर काढला. शेजारचा टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हरनं खाली वाकून आमची नंबरप्लेट बघितली, एमएच-26.

“नांदेडचे का?”

“किनवट.”

“मी लोह्याचा! इकडं कुणीकडं?”

त्याच्या मागं हॉर्नचा कल्लोळ उठला. लेक कपाळाला हात लावून बसली. पण लोह्याच्या माणसाला पाऊसपाणी सांगितल्याशिवाय कसं निघणार?