तिसरी पिन

आमच्या वाड्यात वीज होती, अर्थिंग नव्हतं. साताऱ्यातल्या जुन्या पेठेतला तो भाड्याचा वाडा. भिंतींवरून लाकडी पट्ट्या गेलेल्या आणि त्यांत दोनच वायरी, एक तांबडी आणि एक काळी. फेज आणि न्यूट्रल. हिरवी वायर त्या घरानं कधी पाहिली नव्हती. फ्रिज आला तेव्हा त्याच्या प्लगची वरची जाड पिन कुठे जाते, असं कुणी विचारलं नाही. बोर्डाला तिसरं भोक होतं, त्याच्या मागे काहीच जोडलेलं नव्हतं.

आजी फ्रिज उघडण्याआधी पायाखाली पाट घ्यायची आणि हँडलला आधी बोटांची उलटी बाजू लावून बघायची. आम्हा पोरांनाही तीच सवय लागली. करंट बसला की स्नायू आवळतात आणि मूठ मिटते. सुलटा हात हँडलला धरून बसेल, उलटा आपसूक मागे येईल. आजीला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण ते बरोबर होतं.

1998 साली मी डिप्लोमाला असताना घरी कॉम्प्युटर आला. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी तो पुण्याहून असेंबल करून आणवला. पांढरट रंगाचं उभं कॅबिनेट, 32 एमबी रॅम, आणि बसवून द्यायला आलेला एक चुणचुणीत मुलगा. त्यानं झाकण काढलं तेव्हा मी आणि बाबा दोघंही आत वाकलो.

त्या काळच्या एटी कॅबिनेटचं पुढचं बटण हे खरोखरीचं 230 व्होल्टचं बटण असे. वीजपुरवठ्याच्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, चार वायरींची जाड केबल निघायची आणि घरची वीज जशीच्या तशी पुढच्या पॅनेलपर्यंत यायची. बटणाला खोचलेल्या टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असत. त्यातली एक निसटलेली बाबांच्या लगेच लक्षात आली. मुलगा म्हणाला, "काका, तिथे कोण हात घालतंय?" बाबांनी टोपी स्वतः बसवली. मदरबोर्डला वीज द्यायला सहा-सहा वायरींचे दोन प्लग होते, पी-8 आणि पी-9, दिसायला जुळे भाऊ. अदलाबदल झाली की बोर्ड गेला. म्हणून मेकॅनिक मंडळी एवढंच लक्षात ठेवत की काळ्याला काळ्या भिडल्या पाहिजेत. दोन्ही प्लगांच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या की काम बरोबर. (भिंतीतली काळी न्यूट्रल आणि कॅबिनेटमधली काळी ग्राउंड. हा घोळ कुणी घातला त्याला शोधायला हवं.)

मशीन सुरू झालं. मागच्या बाजूला माउसची पिन खोचायला गेले तर पत्र्यावर टेकलेल्या मनगटाला मुंग्या आल्या. मी ओरडले. मुलगा हसून म्हणाला, "एवढं चालतं. सगळ्यांच्याच सीपीयूला येतं."

सगळ्यांच्याच सीपीयूला येत होतं हे खरं, कारण सगळ्यांच्याच घरी तिसरं भोक रिकामं होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतली खरखर अडवायला दोन बारीक कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. अर्थिंग असलं तर त्यांतून झिरपणारा करंट हिरव्या वायरनं गुपचूप जमिनीत जातो. नसलं तर पत्रा अधांतरी राहतो आणि फेज-न्यूट्रलच्या मध्यावर, 115 व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो. करंट मिलीअँपिअरहूनही कमी, म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या एसएमपीएस आतून बिघडला आणि फेज पत्र्याला टेकली तर तोच पत्रा 230 व्होल्टचा होतो, आणि जमिनीची वाट नसल्यामुळे फ्यूजही उडत नाही. मुंग्या म्हणजे तिसरी पिन कुठेच जात नसल्याची लेखी नोटीस असते. ती सगळ्यांना आली म्हणून चालवून घ्यायची नसते.

बाबांनी हे शब्द वापरले नाहीत. ते वायरमनला घेऊन आले. परसात, न्हाणीचं पाणी मुरायचं त्या जागेजवळ, छातीएवढा खड्डा खणला. तांब्याची प्लेट उभी सोडली, तिच्याभोवती कोळसा आणि खडेमीठ यांचे थर दिले, कोळसा ओल धरतो आणि मिठानं मातीचा विरोध उतरतो म्हणून. प्लेटपासून निघालेली तार भिंतीवरून वर आणून कॉम्प्युटरच्या बोर्डात तिसऱ्या भोकामागे कसली. खड्ड्यात एक पाइप उभा ठेवला, उन्हाळ्यात त्यातून बादलीभर पाणी ओतायचं. पोरीच्या खेळण्यापायी परस उकरलं म्हणून मालक महिनाभर धुसफुसत होते. दुसरी तार फ्रिजपर्यंत गेली. आजीनं पाट मात्र सोडला नाही. म्हणाली, "जमिनीत पुरलेलं मला दिसत नाही. पाट दिसतो."

त्याच वर्षी मी रॅम वाढवली, आणि मशीन उघडण्याची शिस्त बाबांकडून आली. एसटीच्या गाडीवर काम करताना ते आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढत, मगच पान्हा हातात घेत. गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला. ते आधी सुटलं की पान्हा चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. घरी त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग उपसून माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवला. बटण बंद केलंय हे त्यांना पुरायचं नाही. "प्लग डोळ्यांसमोर पाहिजे. नाहीतर कोणीतरी येतं आणि बटण दाबतं." मोठ्या कारखान्यांत यासाठी कुलपं आणि पाट्या असतात, हे मला नोकरीत गेल्यावर कळलं.

पुढे एटीएक्स कॅबिनेटं आली आणि बाबांची ही सवय आणखीच गरजेची झाली. इंटेलनं ती मांडणी 1995 साली आणली होती, आमच्याकडे रुळायला काही वर्षं लागली. तिच्यात पुढच्या बटणातलं 230 व्होल्टचं भय गेलं, पण एक नवी गोम आली. कॉम्प्युटर बंद केला तरी प्लग जोडलेला असेल तर मदरबोर्डवर पाच व्होल्ट जागे राहतात, बटण दाबल्याची वर्दी घ्यायला. पंखा थांबलेला, पडदा काळा, म्हणून लोक खुशाल रॅम उपसतात. स्लॉट अशानं जातात. प्लग काढायचा आणि मग पुढचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. कधीकधी पंखा एक गचका देतो आणि बोर्डावरचा बारीक दिवा विझतो. आतली उरलीसुरली वीज संपते ती तेव्हा. एसएमपीएसच्या स्वतःच्या डब्यात मात्र मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास, हल्लीच्यांत चारशेच्या घरात, भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहू शकतो. तो डबा घरी उघडायचा नाही. बिघडला तर बदलायचा.

नोकरीनिमित्त मी डोंबिवलीत राहिले. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर भटकणं हा तेव्हाचा माझा शनिवार होता. दुकानदार रॅमच्या पट्ट्या सुपारीसारख्या हातात खेळवत समोर टाकायचे, ना स्थिर विजेपासून जपणारी पिशवी ना मनगटाला पट्टा. तरी त्या चालायच्या, कारण मुंबईची हवा. दमट हवेत अंगावर स्थिर वीज साचतच नाही फारशी. तिथे मला भीती होती ती केबलवाल्याच्या वायरीची. टीव्ही ट्यूनर कार्ड घेण्याची तेव्हा टूम होती. ते बसवलं आणि गच्चीवरून आलेली केबल त्याच्या तोंडाशी नेली, तर टेकायच्या आत तड् करून निळी ठिणगी उडाली. भाड्याच्या खोलीत अर्थिंग नावापुरतं, त्यामुळे पत्रा एका व्होल्टेजवर आणि केबलची जाळी दुसऱ्याच. असा फरक असला की तो फिटवला जातो कार्डाच्या नाजूक पोटातून. आजही टीव्हीला एचडीएमआय जोडताना पोर्ट जळतात त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांचं मूळ हेच असतं. जोडणी करताना दोन्ही उपकरणांचे प्लग काढलेले असावेत, हा नियम मी तिथे उचलला.

बदलीवर नागपूरला गेले आणि हवेनं बाजू बदलली. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा. स्वेटर काढताना अंधारात चटचट ठिणग्या दिसाव्यात, खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की चटका. माणसाला हा चटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, आणि चिप बिघडायला शंभरही पुरे होऊ शकतात. म्हणजे आपल्याला काही जाणवलंच नाही, ही काही खूण नव्हे. बरं, चिप तिथल्या तिथे मरतेच असंही नाही. अर्धमेली होते आणि चार महिन्यांनी विनाकारण हँग व्हायला लागते. मग दोष विंडोजला.

मनगटाला बांधायचा पट्टा मी नागपुरातच घेतला. त्याच्या वायरीत दहा लाख ओहमचा रेझिस्टर असतो. स्थिर वीज त्यातून सावकाश निघून जाते, पण चुकून कुठे जिवंत वायरीला हात लागलाच तर पट्ट्यातून जाणारा करंट जीवघेणा होत नाही. पट्टा नसला तरी भागतं. प्लग काढलेल्या कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात टेकायचा, आणि दर काही मिनिटांनी पुन्हा टेकायचा. आपण आणि मशीन एकाच व्होल्टेजला आलो की काम झालं.

आणि चपला. आजीचा पाट मला इथे आठवायचा, पण उलटा. वीज चालू असताना पायाखाली रबर किंवा लाकूड हवं. प्लग निघाल्यावर मात्र त्याच रबरी चपला अंगावर वीज साचवतात. तेव्हा उघडे पाय आणि साधी फरशी उत्तम. गालिचा तर नकोच.

नागपुरात राहणाऱ्याला तिसऱ्या पिनेचं महत्त्व कॉम्प्युटरवरून शिकावं लागत नाही. लोखंडी पत्र्याचे कूलर, त्यात पाणी, खाली ओली जमीन. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून गेलेल्यांच्या बातम्या असतात, त्यांत लहान मुलंही असतात. त्या वाचल्यापासून "एवढं चालतं" हे वाक्य मी कुणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही.

आता पुण्यात आहे. मधल्या काळात आत काय काय बदललं ते भराभर सांगते. चपट्या आयडीई केबली आणि मास्टर-स्लेव्हचे जंपर गेले, साटा आलं, मग तळहातावर मावणारी एनव्हीएमई पट्टी आणि तिचा तो हरवण्यासाठीच केलेला स्क्रू. रॅमची खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकवली, म्हणून चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावावा लागला की समजावं, आपलंच चुकतंय. एकूण, उलटसुलट बसण्याची भीती कंपन्यांनी बरीच मिटवली आहे. भिंतीतलं काम मात्र त्यांच्या हातात नाही.

माझा भाचा सध्या गेमिंगचं मशीन वाढवतोय. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एएम-4 सॉकेटमधल्या प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही पिनांसकट उपटून येतो, म्हणून आधी मशीन थोडं तापवून घ्यायचं आणि कूलर हलके पिळत सोडवायचा, हे त्यानं मला शिकवलं. 2022 साली आरटीएक्स 4090 या ग्राफिक्स कार्डाचे सोळा पिनांचे प्लग वितळले त्यामागे अर्धवट बसलेला प्लग हे मोठं कारण निघालं, हेही त्याला पाठ. आमचं वाजलं एका मुद्द्यावर. परदेशी व्हिडिओंत सांगतात, प्लग जोडलेलाच ठेवा, नुसतं मागचं बटण बंद करा, म्हणजे कॅबिनेट अर्थला जोडलेलं राहतं. तिकडे ठीक असेल. आपल्याकडे अशा बटणानं बहुधा एकच वायर तुटते आणि ती फेजच असेल याची खात्री कोण देणार? आणि अर्थिंगच नसेल तर प्लग ठेवून मिळवलं काय? "मावशी, नव्या सोसायटीत असं नसतं गं," तो म्हणाला.

मी मीटर लावला. फेज ते न्यूट्रल 232. फेज ते अर्थ 90च्या आसपास, तेही डोलणारे. बोर्ड उघडला तर हिरवी वायर होती, नीट कसलेली होती; खाली मीटररूममध्ये तिचं दुसरं टोक गुंडाळून टेपनं बांधून ठेवलेलं सापडलं. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियननं अर्ध्या तासात जोडून दिलं.

तेव्हा नवं ग्राफिक्स कार्ड मागवण्याआधी एकदा जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तीन आकडे तुमच्यासमोर घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. सोबत करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का तेही विचारा. आणि तिसरा आकडा अगदी शून्य आला तर बोर्ड उघडायला लावा. काही जण काम झटपट उरकायला बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्यानं जोडून देतात. मीटर त्याला फसतो, आणि मागे कुठे न्यूट्रल तुटली की तुमच्या कॅबिनेटचा पत्रा थेट 230 व्होल्टचा होतो.