तुमच्याकडे लाईट कमी आहे का?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून रत्नागिरीला घरी आलो आणि पुढचं दीड वर्ष माझं ऑफिस आमच्या माजघरात होतं, आजीच्या टीव्हीपासून चार हातांवर. संध्याकाळी एका कानात क्लायंटचा कॉल आणि दुसऱ्या कानात 'रंग माझा वेगळा'.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: दीपा काळी आहे, गुणी आहे, आणि सासूला काळा रंग नजरेसमोर चालत नाही. एवढ्यावर ही मालिका स्टार प्रवाहवर २०१९ ते २०२३ चालली आणि टीआरपीत बराच काळ वर राहिली. मूळ गोष्ट मल्याळम मालिकेची. दीपाचं काम करणाऱ्या रेश्मा शिंदे स्वतः गोऱ्या आहेत. त्यांना मेकअप करून काळं केलेलं असायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आजीलाही. दीपाला कुणी टाकून बोललं की आजी पदर डोळ्यांना लावायची आणि जाहिराती लागल्या की मावशीला फोनवर सांगायची, "खरी गोरीपान आहे हो ती. फोटो बघितलास ना?"

त्या वाक्यातला सुटकेचा सूर मला तेव्हा कळला नाही. आता वाटतं, आम्हाला दीपासाठी इतकं मोकळेपणी रडता आलं ते त्यामुळेच. तो काळा रंग धुतला की जाणार होता.

त्याच २०२० मध्ये कलर्स मराठीवर 'सुंदरा मनामध्ये भरली' आली. तिथे जाड नायिकेसाठी अक्षया नाईक यांना घेतलं, कुणा बारीक मुलीला उशा बांधल्या नाहीत. म्हणजे जमतं. आणि 'फेअर अँड लव्हली'ने 'फेअर' काढून 'ग्लो' लावलं तेही त्याच वर्षी. आमच्या मोरीतल्या फळीवर मात्र ट्यूब होती तिथेच राहिली.

पुरुषांचं वेगळं. 'रात्रीस खेळ चाले'तले अण्णा नाईक कसे दिसतात यावर आमच्या वाडीत कुणी चकार शब्द काढला नाही, चर्चा त्यांच्या दराऱ्याची. शेवंताच्या मात्र साडीपासून कमरेपर्यंत सगळ्यावर मतं, त्यात माझंही. 'सैराट' आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. आर्चीला 'हिरोईन मटेरियल नाही' म्हणणाऱ्या हॉस्टेलच्या खोलीत मीही होतो, आणि मी स्वतः ताईच्याच रंगाचा आहे. आरशात बघून बोलावं असं आम्हा सहाजणांपैकी एकालाही सुचलं नाही.

ताई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, एम.कॉम., पतपेढीत नोकरी. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. बायोडेटात जन्मवेळ, नाडी, गण यांच्यानंतर एक ओळ असते: वर्ण. या एका ओळीसाठी मराठीत किती शब्द आहेत बघा. गोरा, निमगोरा, गव्हाळ, उजळ सावळा, सावळा. काळा हा शब्द त्या कागदावर कधीच येत नाही. बाबांनी ताईसमोर 'गव्हाळ' लिहिलं. "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे," असं आई फोनवर सांगायची. त्या 'तरी'मध्ये ताईची एम.कॉम.सुद्धा वाहून जायची. आणि फोन ठेवल्यावर तिची समजूत घालायला हमखास: "स्मिता पाटील सावळीच होती की गो." म्हणजे सावळ्या मुलीने निदान स्मिता पाटील तरी असावं! मला कधी कुणी ओम पुरींचं नाव सांगून धीर दिलेला नाही. गरजच पडली नाही.

बायोडेटाला लावायचा फोटो भाट्याच्या सुरुबनात काढलेला होता. हिरवी साडी, मागे समुद्र, ताई कशावर तरी हसतेय. तिचा आवडता फोटो. आई म्हणाली, "जरा उजळ कर रे, तुला येतं ना." मला येतं. फोटो एडिटरमध्ये त्वचेचा रंग बहुतेक केशरी छटेत पडतो. केशरीची चमक वाढवली की माणूस गोरं होतं आणि साडी हिरवीच राहते. अंगठा एवढासा सरकवायचा, वर थोडं स्मूथिंग. मिनिटही लागलं नाही. 'सेव्ह' केलं, आईला पाठवलं. आईने तो बघून लांब श्वास सोडला. ताईला विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही.

पत्रिका जुळली. कोविडमुळे कांदेपोहे व्हिडिओ कॉलवर. आईने पोहे केले होते तरी, कुणाला द्यायचे हा प्रश्नच होता. ताई स्क्रीनसमोर बसली. मुलाची आई थोडा वेळ बघत राहिली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्याकडे लाईट कमी आहे का?"

मी पटकन उठलो. खरंच उठलो, ट्यूबलाईटचं बटण दाबायला. ती आधीच चालू होती.

"नाही काकू, लाईट व्यवस्थित आहे," ताई म्हणाली.

दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. त्या संध्याकाळी ताईने आईच्या मोबाईलवर माझा तो फोटो पाहिला. ती रडली-ओरडली असती तर बरं झालं असतं. मालिका लागली होती, आजी दीपासाठी हळहळत होती. ताईने टीव्हीकडे बघत विचारलं, "हिला रोज काळं करायला किती वेळ लागत असेल रे?" मी काहीच बोललो नाही. तीच म्हणाली, "मला गोरं करायला कमी लागला असेल."

मग आठवडाभर माझ्याशी कामापुरतं. आठव्या दिवशी म्हणाली, "माझा मूळचा फोटो दे."

तो नव्हता. मी मूळ फाईलवरच सेव्ह केलं होतं. असं करू नये हे मी ऑफिसात ज्युनिअर पोरांना शिकवतो. रात्री लॅपटॉपवर बसून केशरी मागे ओढली, सावल्या खाली आणल्या. पण चमक वाढवताना आणि स्मूथिंगमध्ये जे बारकावे गेले ते परत येत नाहीत. गालावरचा तीळ अर्धा पुसला होता, हसताना डोळ्यांखाली पडणारी रेघ गायब. चेहरा काळा झाला, पण ताईचा झाला नाही. सगळीकडे एकसारखा, वरून थापल्यासारखा रंग. दीपासारखा. ते मी तिला दाखवलं नाही, फक्त फोटो गेला एवढं सांगितलं.

"बरं," म्हणाली.

पुढे किनाऱ्यावर जायला परवानगी मिळाल्यावर एका रविवारी मी तिला भाट्याला चल म्हणालो. आली. साडी नव्हती, पतपेढीत जाताना घालते तो ड्रेस होता. दुपारचं ऊन थेट तोंडावर. मी सवयीने म्हणालो, "जरा सुरूच्या सावलीत ये, ऊन फार आहे."

ती जागची हलली नाही. माझ्या हातातून मोबाईल घेतला, कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड बंद केला आणि परत माझ्या हातात दिला.