विळी आडवी ठेवण्याचा दिवस

नागपंचमीच्या आदल्या रात्री आजी विळी आडवी करून फळीवर ठेवायची आणि तवा पालथा घालायची. दुसऱ्या दिवशी घरात चिरणं नाही, कापणं नाही, तळणं-भाजणं नाही. रानात नांगर-कुळव नाही. आम्हा पोरांना त्यात कसलीच बंदी वाटली नाही, कारण चुलीवर चाळणीत हळदीची पानं अंथरून पुरणाचे दिंड वाफवायला ठेवलेले असायचे. दिंड मोडला की आतून वाफेचा लोट यायचा, त्यावर आजी तुपाची धार सोडायची, आणि मग झोपाळ्याकडे पळायचं.

नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्लं मेली, ती कहाणी आजी दरवर्षी सांगे. श्रावणात बिळांत पाणी शिरतं, साप बाहेर पडतात. त्याच दिवसांत जमिनीला हात लावू नका म्हणणारी ही रीत मला फार शहाणी वाटते.

एका पंचमीला गोठ्याच्या वळचणीला धामण निघाली. शेजारच्या काकांनी काठी उचलली. आजी म्हणाली, "ठेवा ती. आज नाही अन् उद्याही नाही. उंदीर खाते बिचारी, कणग्या राखते आपल्या." आम्ही श्वास रोखून उभे. पिवळसर तपकिरी, माणसाहून लांब अशी ती धामण भिंतीच्या कडेनं सरकत गेली आणि उसात शेपटीचं टोक दिसेनासं झालं. त्या दिवशीचा आनंद अजून अंगावर आहे.

आजी पाटावर गंधानं नाग काढून लाह्या वाहायची. तेच खरं पूजन. साप दूध पीत नाही; गारुड्याच्या टोपलीतला नाग पितो तो उपाशी-तहानलेला ठेवलेला असतो म्हणून, आणि बहुतेकदा त्याचे दातही काढलेले असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडणं हा गुन्हा आहे.

पंचमीचा तो एक दिवस हळूहळू माझ्या सगळ्या वर्षात पसरला. ताटातून मांस-मासळी गेली, पायातली चामड्याची वहाण गेली. झोप मात्र शांत लागते, आणि पावसाळ्यात अंगणातल्या गोगलगायीला वाट करून देताना बरं वाटतं.

यंदा टोपलीवाला दारात आला तर पैसे टाकू नका, वनखात्याला कळवा. घराशी साप निघाला तर सर्पमित्राला बोलवा, आणि तो येईपर्यंत लांब उभं राहून सापाकडे डोळे भरून बघा.