पिप म्हणतं, माल नाही

पायथनचं एखादं पॅकेज बसवायला गेलात आणि शेवटी लाल अक्षरांत ‘अशी आवृत्ती सापडली नाही’ असं आलं, तर त्या ओळीवर लगेच विश्वास ठेवू नका. वर सरका. तिथे ‘रीट्राइंग’ अशा सूचना एकाखाली एक दिसल्या तर नाव बरोबर असू शकतं, पॅकेजही असू शकतं. पिप दुकानापर्यंत पोचलंच नाही आणि परत येऊन सांगतंय, माल नाही.

मी अबू धाबीत पोस्टडॉक करतो. माझी मावसबहीण शारजात असते. भारतात बारा वर्षं गणित शिकवलं, इथे आल्यावर नोकरी सुटली. आता डेटा अ‍ॅनालिसिसचा कोर्स करून पुन्हा उभं राहायचं चाललंय. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, ‘‘अरे, माझ्या डोक्यात हे शिरणारच नाही. कोर्स सोडते.’’ सोबत फक्त त्या शेवटच्या ओळीचा फोटो. ताईने टाइप केलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

वरच्या ओळी मागवल्या तेव्हा उलगडलं : सर्टिफिकेट. लॅपटॉप भाऊजींच्या ऑफिसचा. अशा ठिकाणी सुरक्षेचं सॉफ्टवेअर येणारं पाकीट मधेच उघडतं, तपासतं आणि स्वतःचा शिक्का मारून पुढे देतं. ब्राउझरला तो शिक्का ओळखीचा असतो, कारण तो विंडोजची यादी बघतो. जुनं पिप स्वतःचीच यादी घेऊन फिरतं. पिप २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर, तेही विंडोजची यादी बघतं. पण पिप नवं करायला गेलं तरी तीच एरर. किल्ली कुलपाच्या आत! मग ब्राउझरमधून नव्या पिपची फाइल उतरवून ती बसवली. (भाऊजींनी आधी आयटीवाल्यांना विचारलं. तुम्हीही विचारा.)

नेटवर याला एक सोपा उपाय सर्रास सांगतात : ‘ट्रस्टेड होस्ट’ लिहून तपासणीच बंद करा. करू नका. मधल्या कुणीही पॅकेज बदलून दिलं तर कळणार नाही, आणि पॅकेज बसवताना त्यातला कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो. दुसरा सल्ला भारतातल्या मित्रांचा : ‘‘व्हीपीएन लाव ना!’’ इथे ऑफिसच्या कामासाठी कंपनीचं व्हीपीएन वापरणं वेगळं. पण व्हीपीएनच्या आडून गुन्हा केला किंवा लपवला, तर २०२१ च्या सायबर कायद्यात दंडच ५ लाख ते २० लाख दिरहम आहे. व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही म्हणून बोटिमवर आईशी बोलणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पॅकेजसाठी त्या वाटेला जायचं कारणच नाही.

‘टाइम्ड आउट’ची गोष्ट निराळी. तिथे दोष लॅपटॉपचा नसेलही. ६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशीचा दिवस : जेद्दाजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या आणि एतिसलात, डू दोन्हींचं नेट मंदावलं. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या क्लाउडची गती कमी होईल असं कळवलं. २००८ मध्ये तर ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल गेल्या आणि दोनच दिवसांनी दुबई-ओमानमधली फाल्कन. तिथे टाकून दिलेला काही टनांचा नांगर सापडला. आपलं ‘क्लाउड’ समुद्राच्या तळाशी असतं, ते असं.

पिप उत्तराची वाट फक्त १५ सेकंद बघतं. अशा दिवशी टाइमआउट १०० करा, प्रयत्नांची संख्या वाढवा. पायटॉर्चसारखी शेकडो एमबींची फाइल पहाटे उतरवा. आमच्या लॅबमध्ये आम्ही ‘पिप डाउनलोड’ने सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये साठवतो, मग ‘नो इंडेक्स’ आणि ‘फाइंड लिंक्स’ हे दोन पर्याय देऊन नेटशिवाय त्या बसवता येतात. दोन्ही मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती मात्र सारखी हवी.

ताईलाही तसाच एक पेनड्राइव्ह दिलाय. कोर्स चालू आहे. परवा पुन्हा फोटो आला, या वेळी पहिल्या ओळीपासून.