वीरगळ

बदली होऊन सहा वर्षे लोटली तरी बंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावरील सरकारी वस्तुसंग्रहालयात माझे पाऊल पडले नव्हते. ते पडले मुलीच्या निमित्ताने. तिसरीत शिकणाऱ्या या पोरीचे मराठी दिवसेंदिवस कानडी वळणाचे होत चालले होते. 1638 नंतर शहाजीराजांची जहागीर असलेल्या या शहरात आपलेही काही आहे, हे तिला दाखवावे, असा माझा सुप्त हेतू!

1877 सालची ती तांबडी, उंच खांबांची इमारत डागडुजी करून राखलेली आहे. आत होयसळांची शिल्पे पाहिली, नाणी पाहिली. शहाजीराजांची खूण मात्र माझ्या दृष्टीस पडली नाही. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या कारकुनाचा हिरमोड झाला, हे कबूल करतो.

मुलगी एका शिळेपुढे थबकली होती. वर कोरलेला कुत्रा रानडुकराशी झुंजत होता. हा आतकूरचा लेख. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी कोरविले, त्या राष्ट्रकूटांपैकी तिसऱ्या कृष्णाच्या काळचा. 949 साली तक्कोलमच्या रणात चोळांचा पराभव झाला. तेथे पराक्रम गाजविणाऱ्या मणलेराला ‘हवे ते माग’ असे सांगण्यात आले, तेव्हा त्याने काळी नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला! पुढे तो कुत्रा आणि एक प्रचंड रानडुक्कर झुंजता झुंजता दोघेही मेले. धन्याने ही शिळा उभारली, तिच्या पूजेसाठी जमीन दिली आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला कुत्र्याचे पाप लागेल, असेही कोरून ठेवले.

“हा वीरगळ,” मी ऐटीत म्हणालो.

“वीरगल्लु, बाबा,” तिने दुरुस्ती केली. “कल्लु म्हणजे दगड.”

मी गप्प झालो. आमच्या गावच्या वेशीबाहेर शेंदूर फासलेले दोन वीरगळ आहेत. आजोबांचे बोट धरून मी त्यांना नमस्कार करीत असे. त्या शब्दातला ‘गळ’ म्हणजे काय, हे मात्र पस्तीस वर्षांत मी कोणाला विचारले नव्हते. जी भाषा माझी मुलगी माझ्यापासून हिरावून नेत आहे असे मला वाटत होते, ती माझ्या वेशीवर केव्हाची उभी होती.

बाहेर कब्बन पार्कात झाडाखाली आम्ही डबा उघडला. पोळीचा घास तोंडाशी नेता नेता ती थांबली.

“बाबा, आता काळीची पूजा कोण करतं?”

माझाही घास हातातच राहिला.